तुमच्या हातातल्या १७५ चा हिशेब

प्रति,
गोंदिया, तिरोडा, अर्जुनी-मोरगाव आणि आमगाव या चार विधानसभा मतदारसंघांचे आमदार,
भंडारा-गोंदिया आणि गडचिरोली-चिमूर या लोकसभा मतदारसंघांचे खासदार,
तसेच महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून गेलेले सदस्य यांस



श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. त्यांची पाच वर्षे जुलै २०२७ मध्ये पूर्ण होतात. त्याआधी देशाला पुढचा राष्ट्रपती निवडावा लागेल. निवडणारे तुम्ही आहात. संविधानाच्या ५४ व्या कलमाने संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून एक निर्वाचक मंडळ केले आहे, आणि राष्ट्रपती निवडण्याचा अधिकार त्या मंडळाचा आहे. विधान परिषदेच्या आमदारांना तो नाही, नामनियुक्त सदस्यांना नाही आणि आम्हालाही नाही.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी आम्ही विधानसभेसाठी मतदान केले. अर्जुनी-मोरगाव आणि आमगावात तर दुपारी तीनलाच मतदान आटोपावे लागते, म्हणून लोक सकाळची कामे टाकून केंद्रांवर आले. त्या दिवशी आम्ही आमदार निवडत होतो, तसेच राष्ट्रपतीचे मतदारही निवडत होतो. प्रचारात धानाच्या बोनसवर बोलणे झाले, सिंचनावर झाले, रस्त्यांवर, जातींवर, लाडक्या बहिणींवर झाले. राष्ट्रपतिपदासाठी आपण कसा विचार करू, हे एकाही सभेत ऐकल्याचे मला आठवत नाही. एप्रिल २०२४ च्या लोकसभा प्रचारातही नाही. म्हणून हे पत्र अजून वेळ असताना लिहीत आहे.

तुमच्यापैकी प्रत्येक आमदाराच्या हातात एक मत असते, पण मतमोजणीत ते एक धरत नाहीत, १७५ धरतात. हे १७५ कुठून आले ते आमच्या गावातल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागायचे, मग हजाराने भागायचे. उत्तर १७५ आणि वर थोडे. अर्ध्याहून कमी अपूर्णांक सोडून देतात, म्हणून १७५. म्हणजे तुमच्या मतातला एकेक आकडा हजार माणसांच्या जागी उभा आहे. यात नुसते मतदार मोजलेले नाहीत, माणसे मोजली आहेत. पाळण्यातले मूल, अठरा पूर्ण न झालेली मुलगी, कामासाठी नागपूरकडे गेलेला आणि मतदानाला परत येऊ न शकलेला मजूर, मतदार यादीत नाव नसलेली म्हातारी अशी सगळी माणसे १९७१ च्या त्या मोजणीत धरली होती. घटनाकारांनी मुद्दामच असे केले. आमदाराच्या मताला वजन द्यायचे तर ते त्याच्यामागच्या लोकांवरून द्यायचे, त्याला पडलेल्या मतांवरून किंवा त्याच्या पक्षावरून द्यायचे नाही. म्हणूनच आमदार होण्याआधी ते १७५ तुमच्याकडे नव्हते आणि पद सुटल्यावर राहणारही नाहीत.

आपल्या जिल्ह्यातून बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट लागतो. त्या राज्यातल्या आमदाराचे मूल्य १३१ आहे. देवरीहून रायपूरच्या रस्त्याने सीमा ओलांडली की छत्तीसगड, तिथे १२९. धान तेच, पाऊस तोच, लग्नसंबंधही इकडून तिकडे, पण राष्ट्रपतीच्या मोजणीत आमदाराचे वजन वेगळे, कारण प्रत्येक राज्याची लोकसंख्या आणि विधानसभेच्या जागा यांचे प्रमाण वेगळे. उत्तर प्रदेशात ते २०८ आहे, सिक्कीममध्ये ७, गोव्यात २०. बालाघाटच्या पाहुण्याला हे सांगितले तर त्याला अन्याय वाटतो. तो अन्याय नाही. मध्य प्रदेशने कमी लोकांमागे एक आमदार ठेवला, आपण जास्त लोकांमागे ठेवला, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्या राज्यांच्या आमदारांच्या मतांची बेरीज केली की जो आकडा येतो, तितकेच वजन संसदेला द्यायचे, म्हणजे केंद्र आणि राज्ये बरोबरीने बसतात. २०२२ मध्ये विधानसभांची बेरीज ५,४३,२३१ होती. तिला ७७६ खासदारांनी भागून एका खासदाराचे मूल्य ७०० ठरले. त्याआधी ते ७०८ होते. जम्मू-काश्मीरची विधानसभा त्या वेळी अस्तित्वात नव्हती म्हणून ते कमी झाले. आता तिथे २०२४ मध्ये पुन्हा निवडणूक झाली आहे, तेव्हा पुढच्या वेळी हा आकडा नव्याने मांडावा लागेल.

पण २०२२ च्या हिशेबात एक गोष्ट नेमकी आपल्या जिल्ह्यावर येऊन पडते. आपले चार आमदार, प्रत्येकी १७५, एकूण ७००. म्हणजे अख्ख्या गोंदिया जिल्ह्याचे विधानसभेतले वजन एका खासदाराच्या एका मताएवढे होते. हे लक्षात ठेवून त्या निवडणुकीचा निकाल पाहा. ४,७५४ जणांनी मतदान केले, त्यांतली ५३ मते बाद झाली. बाद मतांत १५ खासदारांची होती. पंधरा खासदार म्हणजे १०,५०० मूल्य, महाराष्ट्राच्या साठ आमदारांच्या बरोबरीचे. आपल्यासारखे पंधरा जिल्हे उठून गेले असते तर जितके वजन गेले असते, तितके त्या एका दुपारी बाद मतांच्या गठ्ठ्यात गेले. निकालावर त्याचा परिणाम झाला नाही हे खरे. श्रीमती मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मूल्याची मते मिळाली, अंतर मोठे होते. तरीही मला हे सहन होत नाही. खासदारांना हिरवी आणि आमदारांना गुलाबी मतपत्रिका मिळते. जांभळ्या शाईचा पेन निवडणूक आयोगच देतो. त्या पेनाने पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे १ हा आकडा लिहायचा. हवे तर पुढे २, ३ लिहायचे. आकडाच लिहायचा, अक्षरात लिहायचे नाही, दोघांपुढे १ लिहायचा नाही आणि आपली ओळख पटेल अशी कसलीही खूण करायची नाही. इतके सोपे काम आहे. सालेकसा तालुक्यातल्या दरेकसाच्या जंगलपट्टीतली निरक्षर बाई यंत्रावरचे चिन्ह ओळखून बरोबर बटण दाबून येते. तिच्या नावावर हजारांचे वजन घेऊन जाणाऱ्याचे मत चुकीने बाद होत असेल तर त्याने घरी येऊन तिला ते सांगितले पाहिजे. आणि ते चुकीने नव्हे तर हेतूने बाद केले असेल, तर तेही सांगितले पाहिजे.

मी गुप्त मतदानाच्या विरोधात नाही, हे आधी स्पष्ट करतो. ५५ व्या कलमाने ही निवडणूक गुप्त मतदानाने आणि एकल संक्रमणीय मतपद्धतीने घ्यायला सांगितले आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत ती कुणालाही दाखवता येत नाही. पक्षाला या निवडणुकीत व्हिप काढता येत नाही, पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची इथे लागत नाही, हे निवडणूक आयोगाने स्पष्ट केले आहे. म्हणजे तुमच्या पाच वर्षांत दुसऱ्याच्या मुठीत नसलेली जी मोजकी मते असतात त्यांपैकी हे एक. अर्थसंकल्पावर, विश्वासदर्शक ठरावावर, बहुतेक विधेयकांवर तुम्ही पक्षाच्या आदेशाने हात वर करता. इथे कायदा तुम्हाला म्हणतो की तुझे तू ठरव. मग ठरवा. आणि काय विचाराने ठरवले ते लोकांना सांगा.

या मोकळेपणाचा उपयोग एकदा या देशाने पाहिला आहे. १९६९ मध्ये डॉ. झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर निवडणूक झाली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे होते आणि पंतप्रधान इंदिरा गांधींनी आपल्याच पक्षाच्या लोकांना सदसद्विवेकबुद्धीने मत द्या असे सांगितले. तिसरे प्रमुख उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले होते. त्यांच्यामागे जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते होती. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती. कुणाकडेच नव्हती. मग मागच्या उमेदवारांना बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंती मोजल्या गेल्या. देशमुखांना मत देणाऱ्यांची दुसरी पसंती बहुतेक रेड्डींकडे गेली, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि निवडून आले. ठरलेल्या कोट्याच्या वर फक्त १,९०८. आजच्या १७५ च्या भावाने ही अकरा आमदारांची मते होतात. राष्ट्रपतिपदाची निवडणूक दुसऱ्या पसंतीपर्यंत गेली ती ही एकदाच. त्या वेळी कुणा आमदाराने दुसरी पसंती लिहायचा कंटाळा केला असेल, कुणी विचार करून लिहिली असेल. त्यांतल्या एकेका आकड्याला मोल आले. म्हणून विनंती आहे की पक्षाने एक नाव सांगितले म्हणून एकच आकडा लिहून परत येऊ नका. दुसरी पसंतीही आपल्याच लोकांच्या वजनाची असते.

पक्षप्रमुखांनी या निवडणुकीत आपले कारण जाहीर सांगितल्याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. २००७ मध्ये शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती, तरी तिने भैरोसिंह शेखावतांना सोडून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला. कारण उघड होते, मराठी माणूस प्रथमच राष्ट्रपती होत होता. २०२२ च्या जुलैत तर शिवसेनेचे दोन तुकडे झालेले होते, दोन्ही गट एकमेकांचे तोंड पाहत नव्हते, आणि दोघांनीही श्रीमती मुर्मू यांनाच पाठिंबा दिला. ते निर्णय कुणाला पटोत वा न पटोत, कारण लोकांसमोर आले. पण ते कारण प्रमुखाचे होते. मतपत्रिकेवर आकडा लिहिणाऱ्या आमदाराचे कारण आम्ही कधी ऐकले नाही. आमगाव हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. एक संथाळ स्त्री राष्ट्रपती होत होती, तेव्हा देवरी-सालेकशाच्या गोंड आणि हलबा वस्त्यांत त्यावर बोलणे होत होते, कुणाला अभिमान होता, कुणी विचारत होते की याने आपल्या वनहक्काच्या पट्ट्यांचे काय होणार. त्या बोलण्यात लोकप्रतिनिधी नव्हते.

तुम्ही म्हणाल, राष्ट्रपतीच्या हातात असते काय? मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने तर चालायचे. हे अर्धे खरे आहे. संविधान सभेत प्रा. के. टी. शाह यांनी राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा अशी सूचना मांडली होती. पंडित नेहरू आणि डॉ. आंबेडकर यांनी ती नाकारली. एवढ्या मोठ्या देशात प्रौढ मतदानाने ही निवडणूक घेणे अवघड, आणि ज्याला प्रत्यक्ष सत्ता द्यायची नाही त्याला सगळ्या देशाच्या मतदानाने निवडण्याचे प्रयोजन काय, हा त्यांचा मुद्दा. थेट निवडून आलेला राष्ट्रपती मंत्रिमंडळासमोर दुसरे सत्ताकेंद्र होऊन बसेल ही भीतीही होती. शाह पुढे १९५२ मध्ये स्वतःच राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभे राहिले आणि ९२,८२७ मते मिळवून हरले. त्या वर्षी आपला भाग, तेव्हाचा भंडारा जिल्हा, मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. बाबासाहेब स्वतः १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. त्यांना आपल्या भागाने निवडून दिले नाही. त्यांनी रचलेल्या या व्यवस्थेत आपला वाटा तरी आपण नीट पार पाडावा.

राष्ट्रपती थेट जनतेने न निवडण्याचा नेहरू-आंबेडकरांचा निर्णय मला योग्य वाटतो. अमेरिकेतही निर्वाचक मंडळ आहे, ५३८ जणांचे, २७० मिळाले की अध्यक्ष. पण तिथले निर्वाचक एवढ्याच कामासाठी नेमलेले असतात, आणि बहुतेक राज्यांत ज्याला थोडी जास्त मते त्याला राज्यातले सगळेच निर्वाचक मिळतात. त्यामुळे २००० आणि २०१६ मध्ये देशभर कमी मते मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला. आपल्याकडे तसे नाही. तिरोड्याचा आमदार एकीकडे आणि आमगावचा दुसरीकडे मत देऊ शकतो, आणि दोघांचेही १७५ आपापल्या उमेदवाराच्या खात्यात जमा होतात. राज्य एकाच्या पदरात पडत नाही. शिवाय आपल्या निर्वाचकाला निवडणूक संपल्यावर गावात परत यायचे असते, पुढची दोन-सव्वादोन वर्षे लोकांना तोंड द्यायचे असते. या रचनेचा हाच मोठा गुण आहे, आणि तुम्ही गप्प राहता तेव्हा तो वाया जातो.

आणि राष्ट्रपती कोण आहे याने फरक पडतो. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची केंद्राची शिफारस के. आर. नारायणन यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. संविधानाने तेवढे हत्यार त्यांना दिले होते, त्यांनी ते वापरले. २०१९ मध्ये महाराष्ट्रात १२ नोव्हेंबरला लागलेली राष्ट्रपती राजवट २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठवली गेली आणि सकाळी राजभवनात शपथविधी झाला. राष्ट्रपतींच्या त्या पहाटेच्या सहीबद्दल तुमच्यापैकी प्रत्येकाचे मत असेल. तसा प्रसंग पुन्हा आला तर सही करणारा माणूस कसा असावा, हे तुम्ही २०२७ मध्ये ठरवणार आहात.

आमच्या जिल्ह्याला याहून जवळची कारणे आहेत. संविधानाच्या ३७१ (२) कलमाखाली राष्ट्रपतींनी ९ मार्च १९९४ रोजी आदेश काढला, त्यातून विदर्भ वैधानिक विकास मंडळ उभे राहिले. अनुशेष मोजणारी, निधीचे न्याय्य वाटप झाले का हे पाहणारी ती आमची एक खिडकी होती. ३० एप्रिल २०२० ला तिची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला, पण हा विषय राज्याच्या एकट्याच्या हातातला नाही, त्याला राष्ट्रपतींचा आदेश लागतो. दुसरे, पाचव्या अनुसूचीप्रमाणे कोणता मुलूख अनुसूचित क्षेत्र हे राष्ट्रपती आदेशाने जाहीर करतात. गडचिरोलीतला कोरची तालुका त्या क्षेत्रात आहे. त्याला लागून असलेला आपला देवरी तालुका नाही, सालेकसाही नाही. देवरीत एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आमदारकीची जागा जमातींसाठी राखीव आहे, पण ग्रामसभेला पेसा कायद्याने मिळणारे अधिकार मात्र सीमेपलीकडच्या गावांना आहेत, इकडच्या नाहीत. सही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते हे मान्य. पण विचारणा करणारा, फाईल मागवणारा, फेरविचार करा म्हणणारा माणूस त्या खुर्चीवर असणे आणि नसणे यात या दोन तालुक्यांपुरते तरी पुष्कळ अंतर आहे. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार मते मागायला मुंबईत येईल तेव्हा हे दोन प्रश्न त्याच्यापुढे ठेवणारा आमदार आम्हाला हवा आहे.

आता १९७१ विषयी. त्या जनगणनेत गोंदिया नावाचा जिल्हाच नव्हता, तो १ मे १९९९ ला झाला. छत्तीसगड राज्यही नव्हते. आज पंचावन्नच्या आतला कुणीही माणूस तुमच्या १७५ मध्ये मोजलेला नाही. हे चुकून झालेले नाही. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे आकडे गोठवले, कारण कुटुंबनियोजन मनापासून राबवणाऱ्या राज्यांचे वजन त्याच कारणाने कमी होऊ नये. चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे २०२७ ची निवडणूक बहुधा जुन्या आकड्यांवर होईल आणि त्यानंतरची नव्या.

नव्या आकड्यांनी काय होईल याचा अंदाज २०११ च्या लोकसंख्येवरून मांडता येतो. जागा आहेत तेवढ्याच ठेवून तेच सूत्र लावले तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य १७५ वरून ३९० होते. उत्तर प्रदेशचे २०८ वरून ४९६. तमिळनाडूचा आमदार आज १७६ वर आहे, आपल्यापेक्षा एकाने जास्त. तो ३०८ वर थांबतो. केरळ १५२ वरून २३९. आकडे सगळ्यांचेच वाढतात, पण वाटा कुणाचा वाढतो आणि कुणाचा घटतो ते यात दिसते. महाराष्ट्राचा वाटा मात्र जवळजवळ होता तिथेच राहतो. १९७१ मध्येही देशाच्या लोकसंख्येत आपण नऊ टक्क्यांच्या थोडे वर होतो, २०११ मध्येही तेवढेच. उत्तर आणि दक्षिण यांच्यामधल्या या भांडणात आपले राज्य तराजूच्या काट्याच्या जागी आहे. आपल्याला त्यात मिळवायचे नाही आणि गमवायचेही नाही, म्हणून महाराष्ट्राच्या प्रतिनिधीचा शब्द दोन्ही बाजूंना ऐकावा लागेल. माझे मत असे आहे की ज्या राज्यांनी शिक्षण आणि आरोग्यावर खर्च करून जन्मदर खाली आणला त्यांना राष्ट्रपती निवडताना हलके ठरवणे अन्यायाचे होईल. तुमचे मत वेगळे असू शकते. पण ते संसदेत आणि विधानसभेत मांडा.

आणि हे दक्षिणेचे दुखणे आहे, आपले नाही, असे समजू नका. महाराष्ट्राच्या आत गोंदिया हा केरळच्याच बाजूला बसतो. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,७०७ होती, २०११ मध्ये १३,२२,५०७. दहा वर्षांत दहा टक्क्यांच्या आसपास वाढ. राज्याची सोळा टक्के. शिवाय धानाच्या एका पिकावर घर चालत नाही म्हणून तरुण बाहेर जातात आणि दुसऱ्या जिल्ह्यात मोजले जातात. २०११ च्या मापाने महाराष्ट्रात एका आमदारामागे सरासरी ३ लाख ९० हजार लोक येतात. आपल्या चार आमदारांमागे सरासरी ३ लाख ३१ हजार. त्या मापाने जिल्ह्याच्या वाट्याला साडेतीन जागाही येत नाहीत. विधानसभेच्या एकूण जागा वाढल्या तर चार टिकतील, न वाढल्या तर एक जाऊ शकते. आपल्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत त्यांच्या नावाचा मतदारसंघ होता, नंतर यादीतून ते नाव गेले. जागा गेली की विधानसभेतला आवाज जातो, आणि राष्ट्रपतीच्या निवडणुकीतले तेवढे वजनही जाते.

म्हणून माझी तुमच्याकडे मागणी आहे. राष्ट्रपतिपदाची निवडणूक जुलैत येते, ऐन रोवणीत. पऱ्हे उपटून बांधीत लावायची घाई असते, त्या दिवसांत माणसे सभेला येणार नाहीत. तेव्हा २०२७ च्या एप्रिल-मे महिन्यांत, उमेदवारांची नावे चर्चेत यायला लागतील तेव्हा, आठही तालुक्यांच्या ठिकाणी एकेक उघडी सभा घ्या. पंचायत समितीचे सभागृह चालेल, शाळेचे मैदान चालेल. पक्षाचे झेंडे नकोत. तिथे आम्हाला सांगा की या पदावर कसा माणूस हवा असे तुम्हाला वाटते, विकास मंडळ आणि अनुसूचित क्षेत्र या दोन प्रश्नांवर तुम्ही उमेदवाराला काय विचारणार, आणि नव्या जनगणनेनंतर मतांचे मूल्य व मतदारसंघ यांबद्दल तुमची भूमिका काय. आमचे ऐकून घ्या. नंतर विधान भवनात जाऊन कुणापुढे १ लिहिला हे आम्ही विचारणार नाही, ती गुप्तता कायद्याने तुम्हाला दिली आहे आणि ती आम्हाला मान्य आहे. मतदानाला गेलो होतो की नाही आणि मतपत्रिका नियमाप्रमाणे भरली की नाही, एवढे मात्र परत आल्यावर सांगा.

खासदारांनी आणखी एक करावे. निवडणूक जाहीर झाल्यावर खासदारांच्या मताचे नवे मूल्य किती ठरते, आमदारांचे किती, ते कसे काढले, हे एका पानावर मराठीत आणि गोंडीत छापून जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला द्यावे. खर्च फार नाही. शाळेतला सातवीचा मुलगाही तो भागाकार करून पाहील.

या पत्राचे उत्तर तुम्ही मला वेगळे देण्याची गरज नाही. सभेची तारीख ठरवून ती तहसील कार्यालयाबाहेर लावलीत तरी पुरे.

आपला,
सालेकसा तालुक्यातील एक मतदार